चुन्याचा पहिला हात

कल्पना करा, तुमच्या एका हातात चुन्याची बादली आहे, दुसऱ्यात कुंचला आणि पायाखाली समुद्रकाठची निसरडी पायवाट. वळणावळणावरच्या दगडांवर पांढरा पट्टा ओढायचा, म्हणजे धुक्यात कुणी कड्याकडे जाणार नाही. मासे खारवायचं काम सुटल्यापासून माझी आत्या हेच करते.

"तुझी आत्या गावाला चुना लावते," असं जाळी विणणारे काका मला हसत सांगतात.

"आता मोबाइल रस्ता दाखवतो की," मी एकदा तिला म्हटलं.

"दाखवू दे. बॅटरी संपली की माझ्याच दगडाला मिठी मारशील!"

तरुणपणी, लेकीला पाठीशी बांधून जुन्या बंदरावरून घरी येताना ती दाट धुक्यात अडकली होती. पाऊल उचलायचा धीर होईना. तेवढ्यात एका दगडावर पांढरा पट्टा दिसला, मग पुढच्या दगडावर दुसरा. त्यांच्या मागोमाग दोघी सुखरूप घरी पोचल्या. तीच लेक आज स्वतःची होडी चालवते.

आभार मानायला आत्याने गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहिलं, पण ते पट्टे कुणी ओढले हे कुणालाच माहीत नव्हतं. परवा कुंचला धुताना तिने पुन्हा मलाच विचारलं, "त्या दगडांवर चुन्याचा पहिला हात कुणी दिला असेल रे?"