बकरीने खाल्लेली केंद्रकं

त्या वर्षांत दिग्रसला कापूस इतका स्वस्त झाला होता, की अणू बनवायला त्याच्याहून परवडणारी वस्तू नव्हती. निदान आमच्या ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तरी.

हे अणू बनवायचे गफ्फारभाई. खानदान पिंजाऱ्यांचं. फोमच्या गाद्या आल्या, वडिलांची कापूस पिंजायची धुनकी भिंतीला टांगली गेली, आणि गफ्फारभाई प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले. हंगामी. हंगाम अकरा वर्षं चालला होता.

रेणूंच्या प्रतिकृतींचा संच कॉलेजच्या यादीत होता, कपाटात नव्हता. म्हणून कापसाचे गोळे. काजळी लावलेला तो कार्बन, गेरूने रंगवलेला ऑक्सिजन, लहानसा पांढरा हायड्रोजन. त्यांना जोडायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्याच झाडाच्या, काड्या. आणि प्रत्येक गोळ्याच्या पोटात सरकीचा एक दाणा.

"हे बी म्हणजे केंद्रक," गफ्फारभाई सांगायचे. "सारं वजन इथं. भोवताल जो पिंजलेला कापूस हाये ना, तिथं इलेक्ट्रॉन फिरून राह्यले. दाबून पाहा, हाती काही लागते का?"

"अन् भाई, कार्बनलेच चार काड्या काहून?" गुंजन विचारायची. तिला सगळंच विचारायचं असायचं.

"त्याले चार हात हायेत, पोरी. एक जरी मोकळा राह्यला तर दुसऱ्याच्या घरात घुसते. चारही हातांत एकेक हायड्रोजन दे, मंग बसते चूप. झाला मिथेन!"

रसायनशास्त्राच्या सुमेधा मॅडम बाजूला उभ्या राहून हे ऐकायच्या आणि नंतर तेच शुद्ध मराठीत सांगायच्या. आम्ही वह्या तेव्हा उघडायचो.

फेब्रुवारीत शिक्षण खात्याचं पत्र आलं. बुधवारी तपासणी. साहेबांनी चांगला शेरा दिला तर गफ्फारभाई कायम होणार, नाहीतर हंगाम संपला. मंगळवारी त्यांनी रात्री डागडुजी करायला म्हणून अणूंची पिशवी घरी नेऊन ठेवली आणि परीक्षानळ्या आणायला एसटीने यवतमाळ गाठलं.

घरी त्यांच्या पत्नी हलीमाभाभींनी सहज एक गोळा दाबला. बोटाला दाणा लागला.

"या अल्ला! पिंजाऱ्याच्या घरचा कापूस, अन् त्यात सरकी? साहेब काय म्हणतीन?"

त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस अणू उसवले, सरकी वेचली, कापूस नव्याने पिंजला, वळला, रंगवला. सरकी बकरीपुढे टाकली. संध्याकाळी परतलेले गफ्फारभाई ते टुमदार गोळे पाहून खूश झाले. दाबून पाहायचं काही त्यांना सुचलं नाही.

बुधवारी साहेबांनी कार्बन उचलला. "यात काय आहे?"

गफ्फारभाई रात्रभर पाठ केलेल्या भाषेत म्हणाले, "मध्यभागी केंद्रक आहे, साहेब. उघडून पाहावे."

साहेबांनी उघडून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा.

"केंद्रक कुठाय?"

सुमेधा मॅडम पंख्याकडे पाहू लागल्या. गफ्फारभाईंच्या कपाळावर घाम आला, आणि पाठ केलेली भाषा त्याच्याबरोबर वाहून गेली.

"साहेब, घरवालीनं काढले वाटते. साफसफाईत."

"काढून ठेवले कुठे?"

"बकरीनं खाल्ले."

साहेबांचा पेन थांबला. तेवढ्यात गुंजनला राहवलं नाही.

"पण सर, केंद्रकच नाही तर तो अणू कायचा? वजन कुठून येईन? अन् इलेक्ट्रॉन कोणाच्या भरवशावर थांबतीन?"

"हे तुला कोणी शिकवलं?"

आम्ही सगळ्यांनी गफ्फारभाईंकडे बोट केलं. क्षणभर थांबून सुमेधा मॅडमनीही.

शेरा असा आला: 'विद्यार्थ्यांस अणुरचना उत्तम अवगत. प्रतिकृती केंद्रकविरहित. प्लास्टिकचा संच तातडीने घ्यावा आणि तो सांभाळण्यासाठी परिचराचे पद कायम करावे.'

जूनमध्ये संच आला, गफ्फारभाई कायम झाले. संच इतका देखणा, की खराब होईल म्हणून प्राचार्यांनी तो कुलपात ठेवायला लावला. किल्ली गफ्फारभाईंच्या कमरेला. मुलं शिकतात ती अजून कापसावरच.

ते नवे अणू वळायला हलीमाभाभीच बसल्या. पुढ्यात कापूस, ताटलीत मोजून बेचाळीस दाणे.

"मले एक सांगा," त्या म्हणाल्या. "साऱ्या दुनियेच्या कापसातून सरकी काढली तर लोक शाबासकी देते. तुमच्याच कापसातून काढली तर साहेब बोंबलते. असं काहून?"

गफ्फारभाईंचं लक्ष दाराकडे होतं.

"सांगतो. तू आधी बकरी बांध."