तुळस पांढरी दाखवणारा कॅमेरा

तुमच्या दारावरच्या कॅमेऱ्यात दिसलेल्या शर्टाच्या रंगावरून तुम्ही एखाद्या माणसाला चोर म्हणाल का? उत्तराची घाई करू नका. आधी माझ्या आत्याच्या यजमानांविषयी ऐका. आम्ही त्यांना मामा म्हणतो. हिंगोली जिल्ह्यात आजवर रंगांवरून जितकी भांडणं झाली असतील त्यांतली निम्मी एकट्या मामांनी केलेली आहेत, आणि मी शपथेवर सांगतो, त्यातल्या एकाही भांडणात त्यांचा स्वतःचा फायदा नव्हता.

एसटी डेपोमागच्या गल्लीत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात घरोघरी रंगीत टीव्ही आले तेव्हा लोकांना रंगीत म्हणजे भडक हवं असायचं. बातम्या देणारी बाई शेंदूर फासल्यासारखी दिसली की पैसे वसूल झाले असं वाटायचं. मामांना हे सहन होत नसे. कुणाच्या घरी चहाला गेले तरी आधी टीव्हीपाशी जाऊन बटणं फिरवायचे. "त्या बाईला काहून कावीळ करून राहिले तुमी? तिलाबी घरदार हाय," असं यजमानाला सुनवायचे. यजमान बिचारा मान डोलवायचा आणि मामा गेल्यावर बाईला पुन्हा कावीळ करायचा. साडीखरेदी हा तर आत्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा छळ. दुकानातल्या ट्यूबलाइटवर मामांचा विश्वास नव्हता. आवडलेली साडी उचलून ते थेट रस्त्यावर यायचे आणि उन्हात दोन्ही हातांनी पसरून धरायचे. एकदा त्या साडीपुढे परभणीची एसटी येऊन थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, दुकानदार मागे धावतोय, आणि मामा पदराआडून ओरडतायत, "दोन मिनिटं थांबा, हा मोरपंखी हाय का हिरवा, येवढं बघू द्या!" आत्या म्हणायची, "यांच्यासंगं बाजारात जाण्यापरीस मी जुनंच नेसलेलं बरं."

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा बड्या लोकांच्या घरांना कॅमेरे लागू लागले आणि मामांना नवा शत्रू मिळाला. हे स्वस्तातले कॅमेरे. अंधारात दिसावं म्हणून त्यांच्या भिंगाभोवती बारके लाल दिवे असायचे, पण दिवसाच्या चित्रासाठी लागणारी एक निळसर काच मात्र त्यांत नसायची. ती काच काय करते, असं मी विचारलं तेव्हा मामांनी खिशातून टीव्हीचा रिमोट काढून माझ्या तोंडासमोर दाबला.

"याचा उजेड दिसला तुला?"

"नाही."

"पर च्यानल बदलतं का न्हाई? मंग उजेड हाय ना! आपल्याला न्हाई दिसत, कॅमेऱ्याला दिसतो. उन्हात त्यो डबल भरलेला असतो. काच नसली की कॅमेरा त्यो बी गिळतो, अन् मंग रंग ओकतो."

त्या दिवसापासून रिमोट मामांच्या शर्टाच्या खिशात कायमचा राहायला आला. कुणाच्या घरी कॅमेरा दिसला की त्याच्यावर रोखून दाबायचे आणि पडद्यावर पांढरा ठिपका चमकला की घरमालकाला म्हणायचे, "तुमचा कॅमेरा नागडा हाय." एका लग्नात वरपित्याला हे ऐकवल्यापासून आत्या त्यांना पंगतीत एकटं सोडत नसे.

अशातच हट्टा गावाहून एका हळदीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. अंगणातलं पितळी घंगाळ चोरीला गेलंय, कॅमेऱ्यात चोर सापडलाय, चित्र सीडीवर काढून द्या, पोलिसांत द्यायचंय. मला त्याच गावात आमच्या संघटनेची पत्रकं वाटायची होती, म्हणून मी मामांच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. मधे उकिडवा बसलेला परसराम. तांड्यावरचा माणूस, त्या व्यापाऱ्याकडे आठ वर्षं हळद शिजवणारा. पडद्यावर भरदुपारी एक माणूस घंगाळ डोक्यावर उपडं घालून अंगणाबाहेर पडताना दिसत होता. तोंड घंगाळात, शर्ट जांभळा. आणि जांभळा शर्ट अख्ख्या गावात एकट्या परसरामकडे होता, भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून मिळालेला.

"मालक, म्या आठ वर्सांत हळकुंडबी न्हाई उचललं," परसराम म्हणाला.

"घंगाळ उचललंस की!" मागून कुणीतरी टोमणा मारला आणि लोक हसले.

माझं रक्त तापलं. तांड्यावरचा माणूस दिसला की तुम्हाला पुरावा लागत नाही, अशी मी सुरुवात केलीच होती, तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला. "तुझं पत्रक मंग वाट. आधी मला सांग, तुळस कोन्या रंगाची असती?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. वृंदावनातली तुळस बर्फ पडल्यासारखी पांढुरकी दिसत होती. चार महिने ते घर रोज ती तुळस बघत होतं आणि कुणाला काही वाटलं नव्हतं.

"नाईट व्हिजन कॅमेरा हाय," व्यापारी अभिमानानं म्हणाला.

"रात्रीचं ऱ्हाऊ द्या शेठ. छत्री हाय का घरात? काळी?"

मामांनी भरउन्हात अंगणात छत्री उघडली. पडद्यावर जांभळी छत्री उघडली. गर्दीतून "आँ!" असा आवाज निघाला. मग मामांनी व्यापाऱ्यालाच उभं केलं. त्याची काळी टेरिकॉटची पँट पडद्यावर वांग्याच्या रंगाची झाली. शेवटी परसरामला त्याचा जांभळा शर्ट घालून यायला सांगितलं. तो आला, तुळशीजवळ उभा राहिला, आणि पडद्यावर त्याचा शर्ट फिका गुलाबी दिसला.

"चोराचा शर्ट काळा हाय," मामा म्हणाले. "आता गावाआधी घरातच काळा शर्ट कुनाकडं हाय त्ये बघा."

व्यापाऱ्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. धाकट्या दिराकडे होता. तो आदल्या दिवशी दुपारीच बाहेर पडला होता. फोन केला तेव्हा तो बहिणीच्या गावी निवांत जेवत होता. घंगाळाला पोचा आला होता म्हणून तांबटाकडे टाकलं, सांगायचं राहिलं, म्हणाला.

लोक पांगले. कुणी परसरामला एक शब्द बोललं नाही. व्यापाऱ्यानं त्याच्यासाठी चहा मागवला, तेवढंच. मामांनी जाताना ती निळसर काच बसवून देतो म्हटलं, तर व्यापारी म्हणाला, "मंग अंधारात दिसंल का?"

"न्हाई दिसणार."

"मंग ऱ्हाऊ द्या. रात्रीचा चोर दिसला पायजे."

"अन् दिवसाचा माणूस?" मामांनी विचारलं.

दोन महिन्यांनी परसराम हिंगोलीच्या बाजारात भेटला. त्यानं त्या घरचं काम सोडलं होतं, कुरुंद्याला दुसऱ्याकडे जात होता. मामांनी विचारलं, "शर्ट न्हाई घातला त्यो?" तो हसला. "घालत न्हाई मामा. लोक आधी शर्टाकडं बघतेत, मंग माझ्याकडं." मामांनी मान खाली घातली. परतताना वाटेत एका दुकानावर भडक जांभळ्या रंगाची पाटी होती. एरवी तिथं अर्धा तास गेला असता. मामा तिच्याकडे न बघता पुढे गेले. घरी आल्यावर आत्याला एवढंच म्हणाले, "चित्र बराबर केलं म्या. मानूस बराबर न्हाई झाला."

आता दुकान बंद आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यांत ती काच उजेड बघून आपली आपण सरकते, मामांची कुणाला गरज पडत नाही. दुपारी ते ओट्यावर बसून हळदीनं भरलेल्या गाड्या बघतात आणि कुठल्या गाडीतला माल जास्त पिवळा ते मोठ्यानं सांगतात. कुणी थांबून ऐकत नाही.

माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या गावात, गल्लीत असं एखादं बोट चुकीच्या माणसावर उठलं असेल आणि चूक कळल्यावर सगळे गुपचूप घरी गेले असतील, तर त्या माणसाच्या दारात जा. आरोप जितक्या लोकांसमोर झाला तितक्या लोकांना सोबत न्या, आणि तितक्याच मोठ्या आवाजात म्हणा, "आमचं चुकलं." आज संध्याकाळीच जा.