मोटरीला झालेला विटाळ

गोमूत्राचा तांब्या माझ्या अंगावर नाही, मोटरीवर ओतला. मी शेजारीच उभी होते. हातात पेचकस.

खंडेनवमीचा दिवस. अकोल्यातली एक डाळमिल. यंत्रांना झेंडूचे हार घातलेले, पान्यांना हळदकुंकू लावलेलं. मालकाच्या आईला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या पूजेचं ताट घेऊन आल्या आणि मोटरीजवळ मला बघून थबकल्या.

"कोनं हात लावला इले?"

"माही पोरगी हाय, बाई," बाबा म्हणाले. "तिनंच भरली मोटर."

"काहून? तुहे हात झडले होते काय? देवाच्या दिवशी पोरीचा हात! अन् थेबी तुमच्यातल्या!"

मग त्यांनी तांब्या मागवला.

बाबा त्या मिलमध्ये मोटरींचं काम बघायचे. जळालेली मोटर घरी आणायचे आणि भरायचे. मोटर भरणं म्हणजे आतली जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार फेरे मोजून बसवायची. एक फेरा चुकला की सगळी मेहनत पाण्यात. मी चौथीत असल्यापासून बाबांजवळ बसून फेरे मोजायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि तार माझ्या हातात आली. मैत्रिणी मेंदी काढायच्या तेव्हा माझ्या बोटांना तारेवर लावायच्या वार्निशचा वास असायचा. मला तो आवडायचा. मेलेली मोटर घरघरायला लागली की मला जे वाटायचं ते सांगायला घरात कोणी नव्हतं. आईला काळजी, की या पोरीला करणार कोण.

त्या वर्षी मी दहावीत होते. ती मोटर मी चार दिवस खपून भरली होती. जोडण्या नीट बसल्या का हे बघायला बाबांनी मला पहिल्यांदाच मिलमध्ये नेलं. जोडण्यांच्या डबीचं झाकण लावायचं तेवढं बाकी होतं. तांब्या नेमका त्या उघड्या डबीवर रिकामा झाला. बाईंसमोर आतलं पुसायची हिंमत न होऊन बाबांनी घाईघाईत वरून झाकण लावून टाकलं.

मालक बटणाकडे गेले. मी ओरडले, "मालक, चालू करू नका. गोमूत्र गेलं आत."

बाबांनी माझा दंड दाबला. "गप."

मालकांनी बटण दाबलं. फाट्‌दिशी आवाज झाला, जाळ दिसला, धूर आला. फ्यूज उडाला.

"पाहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी म्हनलंच होतं."

हमाल, मुनीम, सगळे माझ्याकडे बघत होते. आणि बाबांनी हात जोडले. माझे बाबा. ज्यांनी मला तार धरायला शिकवलं.

"चुकलं तिचं, मालक. लेकरू हाय."

माझं काय चुकलं होतं? तेवढ्या माणसांत मी कधी नव्हते इतकी एकटी पडले. रडू आलं नाही. अंगाची आग झाली. मी मेन स्विच पाडला, डबीचं झाकण काढलं. आत गोमूत्र साचलेलं, दोन जोडण्या काळ्या पडलेल्या, तारही जळालेली. मी बाजूला झाले, सगळ्यांना दिसावं म्हणून. सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या बाई ताट घेऊन पुढच्या यंत्राकडे वळल्या.

मालक शिकलेले होते. त्यांना कळलं होतं. ते बाबांना हळूच म्हणाले, "हुशार हाय तुही पोरगी. दसरा झाला की मोटर घरी पाठवतो. भरू दे तिले घरीच. पन इथं आनू नको. कोनाले सांगूबी नको."

बाबांचा चेहरा उजळला. नोकरी वाचली होती.

"मी नाही भरनार," मी म्हणाले.

तीन दिवसांनी मोटर हातगाडीवरून दारात आली. बाबांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि वाट पाहिली. मी हलले नाही. मग ते स्वतः बसले. डोळे बारीक करून फेरे मोजायला लागले. चाळिसाच्या पुढे गेले की चुकायचे, उलगडायचे, पुन्हा सुरू करायचे. मी तिथेच बसले होते. मला आकडा माहीत होता. मी सांगितला नाही. आई मला म्हणाली, "दगड हायस तू."

मोटर शेवटी बाजारातल्या दुकानात गेली. मालकांनी बाबांना मोटरींच्या कामावरून काढलं आणि पोती उचलायला लावलं. हे माझ्यामुळे झालं. त्याचं वाईट वाटतं, आजही. पण नाही म्हटल्याचं वाईट वाटत नाही.

आता मी अमरावतीला डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिकलला. प्रॅक्टिकलला जोडी करायची म्हटली की मुलं आपापसात जोड्या लावून मोकळी होतात. मी एकटीच टेबलाशी उभी राहते. मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. घरची खुशाली सांगितली, मग घुटमळले.

"मालक विचारून राहिले. एक मोटर हाय. सुटीत घरी आली की भरून देशीन काय? कोनाले समजनार नाही."

"समजलं पाहिजे, बाबा," मी म्हणाले.

मी मोटरी भरीन. जन्मभर भरीन. चार लोकांसमोर, भर दुपारी, माझ्या नावानं. लपून एकही फेरा घालणार नाही. बाबांसाठीही नाही.