शंभर टक्के सासूबाई

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक आहे आणि माझ्यामुळे माझी सासू सरपंच व्हायची राहिली. माझी ओळख करून देताना आमच्या घरचे आता दुसरी गोष्ट आधी सांगतात.

निवडणुका, विधिमंडळ आणि वृत्तपत्रं हा माझा अभ्यासाचा विषय. विधानसभेच्या कामकाजाचे खंड मी इतके वाचलेत, की बायकोशी भांडतानासुद्धा 'माझा हरकतीचा मुद्दा आहे' असं तोंडातून जातं. (ती तो फेटाळते.) पण एवढा अभ्यास करून माझा कोणाला कधी काडीचा उपयोग झाला नव्हता, ही बोच मनात होतीच. अशात सासूबाई सरपंचपदाला उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, आली आपली वेळ!

माझी सासुरवाडी सोनाळ्याच्या पलीकडे. गावातलं बोअरचं पाणी खारं. गोड्या पाण्याची पाइपलाइन आहे, पण वरच्या आळीला रोज पाणी आणि खालच्या आळीला, म्हणजे आमच्या लोकांना, आठ दिवसांतून एकदा. सासूबाई पंधरा वर्षं बचतगट चालवणाऱ्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, "मले खुर्ची नाही पायजे, मले खाल्ल्या आळीत नळ पायजे. पोरीइच्या डोक्यावरचा हंडा उतरला पायजे बस." त्यासाठी त्या दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी दारोदार फिरत होत्या.

मी खामगावहून फोन केला. "मामी, असं अंदाजपंचे फिरून काय होतं? मी शास्त्रीय सर्वेक्षण करतो."

"करा जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "तुमी शिकले सवरले."

बायको शेजारीच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, माह्या माहेरात तुमाले कोनी च्या नाही म्हनून पाठवते का? मंग मत नाही म्हनून कोन सांगन?"

मी हसलो. बिचारीला संशोधनपद्धती ठाऊक नव्हती.

सुट्टीत दोनशे छापील अर्ज घेऊन मी गावात उतरलो. प्रश्न साधा होता, 'आपण सरपंचपदासाठी कोणाला मत देणार?' पहिल्याच घरी पाट मांडला, चहा आला, चिवडा आला. "या जवाईबुवा! मत? हे काय इचारनं झालं? आपल्या इमलबाईलेच, तुमच्या सासूलेच!" दुसऱ्या घरी चहा, शेव आणि तेच उत्तर. तिसऱ्या घरी पोहे. आमच्या आळीत जय भीम, वरच्या आळीत रामराम, पण उत्तर एकच. बाविसाव्या घरापर्यंत मला अॅसिडिटी झाली होती आणि सासूबाईंना बावीस घरं मिळाली होती.

कळस म्हणजे लताबाई. या वरच्या आळीच्या लताबाई म्हणजे सासूबाईंच्या विरोधातल्या उमेदवार! संशोधकानं कोणाला वगळू नये म्हणून मी त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तुपातला शिरा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईलेच देईन की!"

"पण ताई, तुम्ही स्वतः उभ्या आहात ना?"

"उभी तर हावोच. पन गावचा जवाई दारात आल्यावर त्याच्या तोंडावर नाही कसं म्हनाव?"

आता, गाढवाच्याही डोक्यात एवढ्यावर उजेड पडला असता! मी मात्र अर्जाच्या समासात लिहिलं, 'विरोधी उमेदवाराची उल्लेखनीय लोकशाही परिपक्वता', आणि शिरा आणखी थोडा मागितला.

निष्कर्ष निघाला, शंभर टक्के. माझे चुलतसासरे भीमराव काका एका दैनिकाचे तालुका वार्ताहर. त्यांनी मतदानाच्या आठ दिवस आधी बातमी लावली, 'अवघे गाव एकमुखी! प्राध्यापकांच्या संशोधनाचा निर्वाळा.' शेजारी माझा फोटो, हनुवटीला हात लावून. वृत्तपत्रांवर मी दहा वर्षं अभ्यास केला, पण वृत्तपत्रात मी पहिल्यांदाच आलो होतो. मी पंचवीस अंक घेतले.

गावात त्या बातमीनं काय केलं ते पुढे कळलं. वरच्या आळीचे लोक खडबडून जागे झाले आणि घरोघर पाया पडत सुटले. आमचे लोक निवांत झाले. सासूबाई एकट्याच बिनघोर नव्हत्या. "बायाहो, मत टाकाले जाजा बरं," असं त्या सांगत फिरायच्या, आणि बाया म्हणायच्या, "अवं इमलबाई, पेपरात तं आलं! तू येऊनच राह्यली निवडून. आमी वेचनीले जातो."

मतदानाच्या आदल्या रात्री मी गाडी घेऊन पुन्हा सासुरवाडीला आलो, तर सकाळीच सासरे तयार होऊन माझ्या गाडीपाशी उभे. "जवाईबुवा, आज साऱ्याच गावाइचं मतदान. मोजनीच्या दिवशी गुलाल भेटनार नाही. चला खामगावले."

भीमराव काका म्हणाले, "दादा, आधी मत टाकून घेऊ ना."

"रांग हाये बे. दुपारी येऊन टाकू."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, राज्यशास्त्राचा प्राध्यापक, ज्यानं एकेका मताचं मोल या विषयावर तीन व्याख्यानं दिलेली आहेत, तो मी म्हणालो, "काका, इतक्या मोठ्या मताधिक्यात दोन मतांनी काय फरक पडतो?"

खामगावात निळा गुलाल लगेच मिळाला. पण सासरे अडून बसले, "गुलाबी बी पायजे. वरच्या आळीतल्या लोकाइले परकं नाही वाटलं पायजे." गुलाबीसाठी चार दुकानं झाली. मग हार, मग पेढे. परतीला निघालो तर जिनिंग कारखान्यापुढे कापसाच्या ट्रॅक्टरांची ही मोठी रांग! पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, मधे आम्ही तिघं आणि दोन पोती गुलाल. सासरे घड्याळ पाहत होते, काका मला पाहत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. गावात पोचलो तेव्हा शाळेचं फाटक लागलं होतं आणि पोलीसदादा म्हणाले, "टाइम संपला, काका."

तरी मी हसून म्हणालो, "काळजी नको, शंभर टक्के आपल्याच आहेत."

मोजणी तहसीलला झाली. सासूबाई एका मतानं पडल्या.

एका मतानं! आणि दोन मतं माझ्या गाडीत बसून ट्रॅक्टरच्या मागे धूर खात होती! परत येताना सासरे मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसले होते. काकांनी बातमी लिहायला वही काढली आणि परत ठेवून दिली.

घरी येऊन टेकतो न टेकतो तोच वरच्या आळीतले दोघंजण दारात. "रामराम मामा. बाजारात गुलाल नाही उरला. तुमच्याकडं हाये म्हनते."

सासऱ्यांचे डोळे लाल झाले. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "देऊन टाका. गुलालाचा काय गुन्हा?" दोन्ही पोती मीच उचलून दिली. थोड्या वेळानं मिरवणूक आमच्या दारावरून गेली, निळी आणि गुलाबी. लताबाई थांबून सासूबाईंच्या पाया पडल्या आणि त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. खालच्या आळीतल्या पोरी हंडे घेऊन बाजूला उभ्या होत्या, मिरवणूक जायची वाट पाहत. त्यांच्याकडे पाहून मला खरंच रडू आलं.

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. खारं पाणी.

"जवाईबुवा, एक इचारू? तुमी साऱ्या गावाले इचारलं. मले काऊन नाही इचारलं?"

"तुम्हाला काय विचारायचं, मामी? तुम्ही तर उमेदवार."

"मी सांगतलं असतं ना, काठावर हाये म्हनून. लोक माह्याशी बोलताना खाली पाहत होते. ते तुमच्याशी पाहुन्यासारखे बोलले, मी घरच्यासारखी बोलली असती."

मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी राहवेना, म्हणून घरातल्या एकेकाला गाठून विचारलं, "खरं सांगा, माझी चूक झाली ना?"

सासरे म्हणाले, "छ्या, तुमची काहाची चूक!" काका म्हणाले, "तुमची नाही, ट्रॅक्टरवाल्याइची." पाट मांडला गेला. चहा आला, चिवडा आला. शेजारच्या आज्जी खास उठून आल्या आणि त्यांनीही सांगितलं, "तुमचा काही दोष नाही बाप्पा."

माझी काही चूक नाही, असं सासुरवाडीतल्या प्रत्येकानं मला सांगितलं. शंभर टक्के!