काकूंचं शेवटचं प्रॅक्टिकल

वर्गातल्या पोरी तिला काकू म्हणत. लग्न, दोन बाळंतपणं आणि सासऱ्यांचं आजारपण उरकून ती रसायनशास्त्राची अर्धवट सुटलेली पदवी पुरी करायला परत आली होती. विद्यापीठाने दिलेली ही शेवटची मुदत. गावातल्या शाळेने प्रयोगशाळेतल्या शिक्षिकेची जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली, आणि नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून सगळं घर त्या जागेकडे डोळे लावून बसलेलं.

आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तापात तिला वास येणंच बंद झालं. ताप उतरला, वास परतलाच नाही. घरात हे ठाऊक होतं फक्त धाकट्या जावेला.

"अहो ताई, दूध नासलंय! आम्ही नाक धरून बसलोय आणि तुम्ही खुशाल चहा टाकताय."

"हळू बोल गं. सासूबाईंना कळलं तर घराबाहेर सोडायच्या नाहीत."

"मग परीक्षेत त्या पावडरी वासाशिवाय ओळखणार कशा?"

"कागदाने. अमोनिया आला की लाल लिटमस निळा होतो. त्याला नाक कशाला हवं?"

परीक्षेत तिने तसंच रेटलं. दिखाव्यापुरती नळीची वाफ नाकाकडे ओढली. ओळखायला दिलेला क्षार अ‍ॅसिटेट असावा असा तिचा कयास होता. बाकीच्या पोरींनी व्हिनेगरचा वास घेऊन कधीच लिहून टाकलं होतं. ती रंगावरून खात्री करायला फेरिक क्लोराइडची बाटली आणायला कपाटाकडे वळली आणि खिडकीतल्या वाऱ्याने तिचा बर्नर विझला. परत येऊन ती ज्योतीकडे न बघता शांतपणे नळी हलवत राहिली.

"काकू, गॅस! तुमचा बर्नर!"

सगळी रांग नाकाला ओढणी लावून मागे सरकली होती. परीक्षकांनी धावत येऊन गॅसची चावी बंद केली.

"एवढा भपकारा सुटलाय, कळलं नाही तुम्हाला?"

सर्दी झालीय म्हणावं, असं ओठावर आलं होतं.

"मला वासच येत नाही, सर. पण उत्तर काढलंय मी. बघा तरी." तिने फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. द्रावण लालभडक झालं. "आता उकळून दाखवते, तपकिरी साका बसेल."

"बर्नरला हात लावू नका."

खोलीतला गॅस निघून गेल्यावर त्यांनी स्वतःच नळी उकळली. तळाशी तपकिरी साका बसला. अ‍ॅसिटेटच.

"उत्तर बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "पण बाई, उद्या या पदवीवर शिकवायला लागलात की तुमच्या भरवशावर वर्गभर पोरं बर्नर पेटवून उभी राहतील. सांगा, करू पास म्हणून सही?"

"पोरांना येतो ना वास, सर," ती म्हणून गेली, आणि म्हणताक्षणीच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिचा पेपर त्यांनी गठ्ठ्यातून बाजूला काढला. "विभागप्रमुखांशी बोलावं लागेल."

पोरी चिवचिवत निघून गेल्या. ती मोरीपाशी उभी राहून नळ्या धूत राहिली. सगळ्या धुऊन झाल्या, तशी पहिलीपासून पुन्हा घेतल्या. नळ बंद केला की घरी जावं लागणार होतं.