कूलरची वाटणी

जिंतूरच्या आमच्या ऑफिसात बाहेरच्या खोलीला कूलर एकच होता. साहेबांच्या केबिनमध्ये वेगळा होता, पण तो हिशेबात धरायचा नाही. मे महिन्यात आम्ही फक्त शिजायचे बाकी राहायचो, म्हणून वाटणी ठरली होती. जेवणाआधी कूलरचं तोंड मोठ्या बाबूंकडे, जेवणानंतर छोट्या बाबूंकडे. वारा ज्याचा, पाणी त्यानं भरायचं. मी नवी, त्यामुळे मधे बसून सांडेल तेवढा वारा घ्यायचा. साहेबांचे लेखी आदेशसुद्धा आमच्याकडे इतके काटेकोर कुणी पाळत नसे.

मोठे बाबू वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. छोटे बाबू चाळिशीतले. दोघं परभणीहून एकाच मोटारसायकलवर अप-डाउन करायचे. गाडी मोठ्या बाबूंची, पण चालवायचे छोटे बाबू. ऑफिसातही मोठे बाबू तोंडी सांगायचे आणि टाइप छोट्या बाबूंनी करायचं. मला तो ज्येष्ठतेचा तोरा वाटायचा, आणि रागही यायचा.

त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. ती आली नेमकी डबे बंद करताना. छोट्या बाबूंनी उठून कूलर आपल्याकडे वळवला.

"ए, फिरव इकडं," मोठे बाबू म्हणाले. "माझा टाइम झालाच कुठं?"

"जेवण झालं की. लाईट गेली त्याला मी काय करू?"

"लाईट नव्हती म्हंजे सकाळ धरायची न्हाई."

"पगाराला धरता की मग सकाळ!"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मोठ्या बाबूंनी पंचिंग मशीन फेकलं. छोटे बाबू त्यांच्या अगदी समोर उभे होते. तरी मशीन माझ्या कानाजवळून गेलं, कपाटावर आदळून उघडलं आणि आतल्या कागदाच्या टिकल्या कूलरच्या वाऱ्यावर खोलीभर उडाल्या. लग्नातल्या अक्षता पडाव्यात तशा त्या माझ्या डोक्यावर पडल्या.

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण छोट्या बाबूंना हसू आलं.

"दिसायलंय का तुमाला काही? मारायला निघालेत आंधळे!"

मोठ्या बाबूंनी पहिल्यांदा साहेबांच्या दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. गाडीवर मागं बसणं, तोंडी सांगणं, कागद नाकाला लावून सही करणं, यात तोरा कुठेच नव्हता. साहेबांना कळलं तर डोळे तपासायला पाठवतील आणि नोकरी जाईल, म्हणून ही सगळी झाकाझाक होती. झाकायला मदत करणारा माणूस एकच होता, आणि आता बोललाही तोच.

मोठे बाबू टेबलाला धडकत पुढे आले, त्यांनी छोट्या बाबूंची गचांडी धरली आणि त्यांचं तोंड कूलरच्या पत्र्यावर आपटलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ओठ फाटला, शर्टावर रक्त आलं. "सोडा बाबू, सोडा," छोटे बाबू म्हणत होते. जीव चालला होता तरी 'अहो-जाहो' सुटलं नव्हतं. मी किंचाळले. मला खरोखर वाटलं की इथं आज माणूस मरतो.

साहेब बाहेर आले. "काय चाललंय? आंधळं कोण म्हणलं कुणाला?"

मोठ्या बाबूंनी हात सोडले. छोट्या बाबूंनी ओठ पुसला.

"मला म्हणले, साहेब. कूलर वळवताना दिसला न्हाई, तोंडावरच आपटलो. बाबू म्हणले, आंधळा हायेस का."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांत अजून टिकल्या होत्या.

"तसंच झालं, सर," मी म्हणाले.

संध्याकाळी ऑफिस सुटलं तेव्हा साहेब चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभे होते. एरवी ते पाचच्या आत निघून जायचे. छोट्या बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबू, आज तुमी चालवा. माझा अंगठा लचकलाय." किल्ली मोठ्या बाबूंच्या हातात दिली आणि स्वतः मागं बसले. गाडी थोडी झोकांड्या खात फाटकाबाहेर गेली. साहेबांनी कप खाली ठेवला आणि आत गेले.

मी बस स्टँडकडे निघाले. वळणावर, ऑफिसातून दिसत नाही अशा लिंबाखाली, गाडी उभी होती. दोघंही खाली उतरले होते. मोठ्या बाबूंनी किल्ली छोट्या बाबूंच्या हातात परत दिली.

"लय लागलं का रे?"

"लागंना तर काय."

एवढंच बोलणं झालं. मी झाडाआडच थांबले. छोट्या बाबूंनी हँडल धरून किक मारली. मोठे बाबू मागं बसले. त्यांचा पाय फूटरेस्ट शोधत हवेत फिरत होता. छोट्या बाबूंनी मागं वळून न बघता हात खाली नेला, तो पाय धरला आणि रोजच्यासारखा जागेवर ठेवला.