पहिलं आलेलं चाक

दशरथअण्णा गेल्याची बातमी मला कमलनगरच्या स्टँडवर एका जीपच्या टपावरून मिळाली. मी खाली उभा राहून पत्रकं वाटत होतो, वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाबद्दलची. वर सामान बांधणारा ड्रायव्हर दोरी ओढता ओढता म्हणाला, "तुमचा सायकलवाला अण्णा सकाळी वारला की. नौबादला. कावीळ उतरलीच न्हाई म्हणं." मी त्याच्यापुढे एक पत्रक धरलं. का धरलं, कुणास ठाऊक… हात त्या कामाला लागलेले होते. मग त्याच जीपमध्ये बसलो आणि बिदर येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिलो. वीज खात्यात लाइनमन असलेला हा माणूस ड्यूटी संपली की याच रस्त्यावर हँडलवर ओणवा होऊन सायकल हाणायचा, आणि शेतातली माणसं ओरडायची, "अण्णा, लांडगा लागलाय का मागं?" तो मान वर न करता ओरडायचा, "लागलाय की! तुमच्याकडं पाठवू का?"

आता दीड महिना झाला. एका ओळीचीही बातमी कुठे आलेली नाही. राष्ट्रीय सायकल स्पर्धेत, रस्त्यावरच्या लांब शर्यतीत, जो माणूस वर्षानुवर्षं राज्याकडून उतरला, त्याच्यासाठी एक ओळ नाही. म्हणून मी लिहितोय. शोकसभेतलं गोड बोलणं मला जमत नाही, आणि त्यालाही ते आवडलं नसतं.

तो पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला गेला तेव्हा राज्याचं नाव नुकतंच कर्नाटक झालं होतं, पण मिळालेल्या जर्सीवर अजून म्हैसूरच होतं. त्यावरून तो हसायचा. "आमच्या बापानं निजाम बघितला, मी म्हैसूर बघितलं, आता कर्नाटक. रस्त्यातले खड्डे तेवढे तेच हायत." संघात त्याचं काम काय होतं, हे मला कळायला फार वेळ लागला. सायकलच्या शर्यतीत सगळ्यात मोठा शत्रू वारा. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला जपून राहतो आणि शेवटी ताज्या पायांनी पुढे निघतो. आमचा दशरथ कायम पुढचा. आडोशाला कायम विजापूरकडचा एकजण, संघाचा हुकमी घोडा. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचं पुष्कळ छापून आलंय.

मी तेव्हा बिदरच्या कॉलेजात होतो, रोज नवं पत्रक लिहायचो आणि सगळ्या गोष्टींवर चिडलेलो असायचो. (आजही असतो.) दशरथअण्णा शिबिरातून आला की मी नौबादला त्याच्या घरी जायचो. शिबिरातला प्रशिक्षक त्यांना परदेशातलं सांगायचा, ते तो मला सांगायचा. "फ्रान्सात, इटलीत, बेल्जममध्ये म्हणं देशाचा चॅम्पियन झाला की त्येला झेंड्याच्या रंगाचं बनियन मिळतंय. वरीसभर. दुसऱ्या कुठल्याबी शर्यतीला गेला तरी तेच घालायचं. लांबनंच वळखायचं, ह्यो त्या देशाचा."

"आन् हितं?"

"हितं हार घालत्यात. तो बिदरपत्तोर सुकतो."

"आन् तुझ्यासारखा वारा खाणारा? त्येला तिकडं काय मिळतं?"

"पगार मिळतो. त्या कामाला नाव बी हाय. पाणीवाला म्हणत्यात. त्यो मागं जाऊन सगळ्यांचं पाणी आणतो, वाटतो."

मी भडकलोच. ज्याच्या बापाला गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहावं लागलं, ज्याच्या घरानं माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी धम्म घेतला, त्यानं जाऊन पाणक्या व्हायचं? मी तावातावानं बोलत होतो. वहिनी चहा गाळता गाळता थांबल्या. अण्णा मात्र शांत. "तुझं झालं का, पत्रकवाले? आता ऐक. शिबिरात पहिल्या दिशी त्या विजापूरवाल्यानं चालत्या सायकलीवर हात लांब केला, माझी बाटली काढली, तोंड लावून पाणी प्याला आन् परत ठिवली. इचारलं बी न्हाई. तू कोण, कुठला, कायबी न्हाई. त्यानंतर मी वारा मोजला न्हाई."

"एका घोटासाठी?" मी म्हणालो.

"घोट तुला ल्हान वाटायलाय."

त्याच्या शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेआधी मी त्याच्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला, की या वेळी स्वतःसाठी पळायचं. वय वाढत होतं, पुन्हा निवड होणार नव्हती. "बघू," म्हणाला. वहिनींनी मध्येच टोकलं, "बघू म्हणजे न्हाई. मी वळखते ह्येंचं बघू." पण त्या वर्षी तो जबर तयारीत होता, आणि कधी नव्हे ते त्यालाही स्वतःसाठी पळावंसं वाटत होतं, हे मी त्याच्या डोळ्यांत बघितलंय.

निकाल पेपरात आला. विजापूरचा पहिला. खाली फोटो. मी तो बराच वेळ बघत बसलो, कारण जिंकलेल्या सायकलच्या पुढच्या चाकात, मधल्या नळीवर, लोकरीचं कडं दिसत होतं. आपल्याकडे हौशी माणसं असं कडं घालतात, चाक फिरलं की नळी पुसली जाऊन चकचकीत राहते. शर्यतीच्या सायकलला कुणी घालत नाही. एकच माणूस घालायचा, वहिनींनी विणलेलं, निळं. संघातली पोरं त्यावरून त्याची टर उडवायची.

मी पेपर घेऊन नौबादला गेलो. "अण्णा, हे चाक कुणाचं?"

"माझं."

शेवटच्या फेरीत पुढच्या घोळक्यात दोघंही होते. विजापूरवाल्याचं पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं. अण्णा थांबला, आपलं चाक काढून त्याला लावून दिलं, ढकलून दिलं, आणि स्वतः त्याची बसकी सायकल हातात धरून चालत शेवटच्या रेषेला आला. तोपर्यंत मंडप उतरवायला लागले होते.

"मॅनेजरनं सांगितलं व्हय?"

"मॅनेजर तिथं न्हवताच."

"मग त्यानं मागितलं?"

"त्यानं बी न्हाई. मीच उतरलो."

"कामून?"

"मी चौथा-पाचवा आलो असतो. तो पहिला आला. चाक तर पहिलं आलं का न्हाई?"

मी उदगीरकडच्या एका मराठी साप्ताहिकात गेलो. संपादक म्हणाले, तो कर्नाटकाकडून खेळला, आपला कसा? बिदरच्या कन्नड पेपरात गेलो. ते म्हणाले, राज्याची बातमी आधीच छापलीय, सीमेवरच्या मराठी माणसाची वेगळी कशाला? मग मी माझं पत्रक लिहिलं आणि छापखान्यात टाकलं. अण्णाला कुणीतरी सांगितलं. तो ड्यूटीच्या कपड्यांत, कमरेला पक्कड तशीच, छापखान्यात आला आणि मजकुराच्या जुळवलेल्या खिळ्यांवर हात ठेवून उभा राहिला. "छापू नगस. तू लिहिलंस की माझ्याकडनं घेतलं. कुणी घेतलं न्हाई. मी दिलं. त्येवढं तरी माझं ऱ्हाऊ दे."

गोष्ट त्याची होती, म्हणून मी थांबलो. पटलं म्हणून नाही. आजही पटत नाही. देणारे कायम आमच्यातलेच का निघतात? त्या विजापूरवाल्यानं नंतर एकदा तरी कुणासमोर म्हणावं की चाक दशरथचं होतं! दुसऱ्या दिवशी चाक परत आलं, तोंडातून शब्द आला नाही. मी त्याला अण्णाच्या निधनाचं कार्ड टाकलं. उत्तर नाही. पत्ता बदलला असेल, आजारी असेल… असेल. मी दोष देत नाही असं लिहिणार होतो, पण देतोच.

गेल्या आठवड्यात नौबादला गेलो होतो. शर्यतीची सायकल खात्याच्या कामात कधीच मोडीत गेली. ते चाक मात्र अण्णानं ड्यूटीच्या सायकलला बसवलं होतं. त्याच चाकावरून तारांची भेंडोळी, ज्वारीचं पोतं, आणि शाळेत जाणारी सुजाता, त्याची मुलगी, अशी सगळी वाहतूक झाली. आता सुजाता स्वतः शर्यत खेळते, पुढच्या महिन्यात राज्याच्या निवडीला चाललीय. ड्यूटीची सायकल उलटी करून ती तेच चाक काढत होती.

"हे नेणार?" मी विचारलं.

"पप्पांचं हाय. अजून डुगडुगत न्हाई बघा काका."

मला राहवलं नाही. "सुजाता, शर्यतीत तुझ्या संघातल्या एखादीचं चाक बसलं, तर?"

वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. सुजातानं हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. बापासारखीच, घाई नाही.

"आधी तिला एक इचारीन. माझं बसलं असतं, तर तू उतरली असतीस का? मग बघू."

"अगं, एवढा वेळ असतो होय शर्यतीत?"

"म्हणून शिबिरातच इचारून ठिवणार हाय. सगळ्यांना."

वहिनी खाली बघून परत तांदूळ निवडायला लागल्या. सुजातानं चाक एका हातानं आसाला धरून उचललं आणि दुसऱ्या हातानं एक झटका दिला. निळं कडं नवं होतं, या वेळी तिनं स्वतः विणलेलं. चाक फिरत राहिलं, आम्ही तिघं बघत राहिलो… आणि ते थांबायची वाट मला काही बघवली नाही. मी उठलो.